बिरडे

बिरडे (बोलीभाषेत बिरडं) हे सुके कडधान्य भिजवून, त्याला मोड आणून आणि प्रत्येक दाण्याचे साल काढून केले जाणारे कालवण आहे. ते मुख्यतः कडव्या वालांचे करतात. मुगाचेही बिरडे होते. परंतु नुसते 'बिरडे' म्हटले की मुंबई, ठाणे, पालघर आणि रायगड या पट्ट्यात वालाचेच बिरडे अभिप्रेत असते. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू, पाठारे प्रभू, सोमवंशी क्षत्रिय पाठारे आणि बेने इस्राएल या समाजांच्या स्वयंपाकात त्याला सणाचे स्थान आहे. प्रस्तुत लेखात सुक्या वालापासून घरी बिरडे करण्याची रीत, तिच्यातील प्रत्येक पायरीमागचे कारण आणि मुंबईतील, विशेषतः भायखळा परिसरातील, बिरड्याचा पूर्वेतिहास दिला आहे.

नाव आणि भेद

मोड आणून सोललेल्या वालाच्या दाण्यांना डाळिंब्या म्हणतात. सोललेला दाणा टपोरा आणि ओलसर दिसतो, म्हणून लोकव्यवहारात या नावाचा संबंध डाळिंबाच्या दाण्यांशी जोडला जातो. या डाळिंब्यांपासून दोन वेगळे पदार्थ होतात आणि त्यांची नावे पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरली जातात. डाळिंबी उसळ ही ब्राह्मणी स्वयंपाकातील असून तिला मोहरी-हिंगाची फोडणी, गोडा मसाला, आमसूल, गूळ आणि ओले खोबरे लागते. ती अंगाबरोबर रसाची असते. बिरड्यात कांदा, लसूण, आले, हिरवी मिरची आणि कोथिंबीर यांचे वाटण व शेवटी नारळाचे दूध असते. ते पातळसर असून भाताबरोबर खाल्ले जाते. श्रावणात किंवा नैवेद्याच्या दिवशी कांदा-लसूण वगळतात, तेव्हा हे अंतर कमी होते. तरीही दोन्ही पदार्थ एकच आहेत असे म्हणणे बरोबर नाही. कच्चा माल तेवढा एक आहे. गोव्यातील सारस्वत घरांत मूग याच रीतीने मोड आणून व सोलून नारळाच्या रसात शिजवतात, त्या पदार्थाला मुगागाठी म्हणतात.

वाल

वाल या वेलीचे शास्त्रीय नाव लॅबलॅब पर्प्युरियस असे आहे. जुन्या ग्रंथांत ती डॉलिकॉस लॅबलॅब या नावाने आढळते. संस्कृतात तिला निष्पाव म्हणतात. पावटा ही याच जातीची वेगळी वाणे असून त्यांचे दाणे मोठे असतात व चव सौम्य असते. बाजारात वालाचे कडवे आणि गोडे असे दोन भाग केले जातात. कडवा वाल आकाराने लहान, तपकिरी सालीचा आणि किंचित कडसर चवीचा असतो. बिरड्याला हाच लागतो. त्याची कडसर चव गूळ, आमसूल आणि नारळ यांच्या जोडीने उतरते आणि तीच या पदार्थाची ओळख आहे. गोड्या वालाचे बिरडे मऊ होते, पण मिळमिळीत लागते.

रायगड जिल्ह्यात भाताची कापणी झाली की त्याच खाचरांत, जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल घेतला जातो. त्याला वेगळे पाणी फारसे द्यावे लागत नाही. थंडीत कोवळ्या शेंगा हाती येतात, तेव्हा अलिबाग, पेण आणि उरण भागांत मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यासह शेंगा भाजून पोपटी करतात. उरलेल्या शेंगा वेलीवर वाळू देतात आणि झोडून सुका वाल काढतात. वालाला भुंगा फार लवकर लागतो, म्हणून घरगुती साठवणीत तो कडकडीत उन्हात वाळवून राखेत घोळवून ठेवण्याची पद्धत होती. भुंग्याने पोखरलेल्या दाण्याला मोड येत नाही. बिरड्यासाठी तो निरुपयोगी आहे.

भायखळा आणि बिरड्याचा सण

बिरडे मुंबईत आले ते माणसांबरोबर. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत अष्टागर, पेण, पनवेल या भागांतून अनेक कुटुंबे मुंबईस स्थायिक झाली. त्यांत बेने इस्राएल समाज होता. तेल गाळणे हा त्यांचा जुना व्यवसाय आणि शनिवार हा विश्रांतीचा दिवस, यामुळे कोकणात त्यांना शनवार तेली म्हणत. गावाच्या नावापुढे 'कर' लावून केलेली त्यांची आडनावे वालाच्याच पट्ट्यातील आहेत: किहीमवरून केहीमकर, दिवे गावावरून दिवेकर. मुंबईतील त्यांचे पहिले प्रार्थनास्थळ १७९६ मध्ये मांडवी भागात उभे राहिले. पुढे वस्ती डोंगरी, माझगाव, भायखळा, आग्रीपाडा आणि जेकब सर्कल या बाजूंस सरकली. आग्रीपाड्यातील मागेन हसीदीम हे सिनेगॉग आणि माझगावातील, आता सर एली कदूरी यांचे नाव असलेली, शाळा या त्या वस्तीच्या खुणा आहेत. भायखळ्यातील मागेन डेव्हिड सिनेगॉग हे मात्र बगदादी यहुद्यांचे, १८६४ सालचे. दोहोंची गल्लत करू नये.

बेने इस्राएल समाजाने आपल्या सणांना हिब्रू नावांबरोबर मराठी नावेही दिली होती. हायेम सॅम्युएल केहीमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या आणि १९३७ मध्ये तेल अवीव येथे छापल्या गेलेल्या बेने इस्राएलांच्या इतिहासात ही नावे नोंदवली आहेत. नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण अशा नावांच्या यादीत बिरड्याचा सण हे एक नाव आहे. यहुदी पंचांगातील आव महिन्याच्या नवमीला, म्हणजे जेरुसलेमच्या मंदिराच्या दोन्ही विध्वंसांचा शोक म्हणून पाळल्या जाणाऱ्या उपासाच्या दिवसाला, हे नाव आहे. महिन्याच्या पहिल्या नऊ दिवसांत मांस वर्ज्य असते, आणि या उपासाशी बिरड्याचे कालवण जोडले गेले. इतर देशांतील यहुदी समाजांतही या उपासाआधीच्या जेवणात मसूर आणि उकडलेली अंडी खाण्याची रीत आहे. गोल आकाराचे कडधान्य हे शोकाचे अन्न मानले जाते. कोकणात त्या जागी वाल आला. यहुदी आहारनियमांनुसार मांस आणि दूध एकत्र चालत नाही, त्यामुळे बेने इस्राएल स्वयंपाकात नारळाच्या दुधाचा वापर मोठा आहे, आणि बिरडे त्या नियमात सहज बसते.

आवची नवमी जुलै-ऑगस्टमध्ये येते. त्याच सुमारास श्रावण लागतो आणि कायस्थ प्रभू व पाठारे प्रभू घरांत श्रावणी सोमवारी केळीच्या पानावर बिरडे वाढले जाते. एकाच पावसाळ्यात, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावरच्या घरांत, एका घरी शोकाच्या उपासासाठी आणि दुसऱ्या घरी सोमवार सोडण्यासाठी तेच कडधान्य भिजत पडत असे. १९४८ नंतर बेने इस्राएल कुटुंबे मोठ्या संख्येने इस्राएलला गेली आणि या भागातील त्यांची संख्या घटली. बिरड्याचा सण हे नाव आज मुंबईच्या मराठी बोलण्यात क्वचितच कानी पडते.

भायखळ्याचा वालाशी संबंध बाजाराच्या मार्गानेही होता. शेजारच्या माझगावातील भाऊच्या धक्क्यावरून रेवस आणि मोरा येथे लाँच जातात, आणि त्यांतून अलिबाग-उरणकडील माणसे आपल्याबरोबर वाल, पांढरा कांदा, सुकी मासळी आणत. भायखळ्याच्या संत सावता माळी मंडईतील घाऊक भाजीव्यापार १९९० च्या दशकात वाशीला हलला. किरकोळ बाजार राहिला. पावसाळ्यात दादर, गिरगाव, भायखळा येथील मंडयांत मोड आलेले आणि काही ठिकाणी सोललेलेही वाल वजनावर मिळतात. सोललेल्या वालाची किंमत न सोललेल्याच्या मानाने बरीच जास्त असते. ती किंमत वालाची नसून सोलणाऱ्या हातांची आहे. गिरणगावातील खानावळींत मटकी, मसूर, वाटाणा यांच्या सालासकट उसळी चालत. शंभर डब्यांसाठी वाल सोलत बसणे कोणत्याही खानावळवालीला परवडणारे नव्हते. बिरडे घरचेच राहिले याचे कारण बहुधा हेच आहे.

पूर्वतयारी

चार-पाच माणसांसाठी २५० ग्रॅम सुके कडवे वाल पुरतात. बिरडे संध्याकाळी हवे असल्यास वाल आदल्या दिवशी सकाळी भिजत घालावेत. यापेक्षा कमी वेळात ते होत नाही.

वाल निवडून, धुऊन, तिप्पट पाण्यात आठ ते बारा तास भिजवावेत. दाणा फुगून जवळजवळ दुप्पट होतो, म्हणून भांडे ऐसपैस घ्यावे. थंडीच्या दिवसांत पहिले पाणी कोमट घ्यावे. भिजल्यावर काही दाणे मुळीच फुगत नाहीत, बोटाला खडे लागतात. त्यांना गणंग म्हणतात. या दाण्यांच्या सालातून पाणी आत शिरतच नाही आणि कितीही वेळ ठेवले तरी ते तसेच राहतात. ते या टप्प्यावरच वेचून काढावेत. एक गणंग दाताखाली आला तरी जेवणाचा बेरंग होतो.

भिजवलेले पाणी पूर्ण ओतून टाकावे, वाल दोनदा धुवावेत आणि ओल्या पंचात सैल बांधून अथवा रोवळीत घालून वर ओले फडके टाकून उबेला ठेवावेत. घट्ट बांधल्यास हवा मिळत नाही, दाणे चिकट होतात आणि त्यांना आंबूस वास येतो. मुंबईच्या पावसाळी हवेत बारा ते चोवीस तासांत मोड येतात. मोड अर्धा सेंटिमीटरभर झाले की पुरे. लांबलचक मोड दिसायला छान असले, तरी त्यांच्यासाठी दाण्यातील पिठूळ गर खर्ची पडतो आणि बिरडे चोथट लागते.

आता सोलणे. मोड आलेले वाल परातीत घेऊन बुडतील इतके सोसवेल एवढे गरम पाणी घालावे आणि दहा-पंधरा मिनिटे थांबावे. साल सैल होते. मग दाणा अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून मोडाच्या विरुद्ध बाजूने दाबला की आतील डाळिंबी अखंड बाहेर निसटते. ती लगेच गार पाण्यात टाकावी, नाहीतर काळपट पडते. एकट्या माणसाला पाव किलो वाल सोलायला तासाभराहून कमी वेळ लागत नाही. पूर्वी हे काम घरातील सगळ्यांनी, मुलांसकट, परातीभोवती बसून करावयाचे असे; ज्या घरात आता दोनच माणसे आहेत, तिथे बिरडे वर्षातून एकदोनदाच होते. सोललेल्या डाळिंब्या थोड्या पाण्यासह शीतकपाटात दोन दिवस टिकतात, त्यामुळे हे काम आदल्या दिवशी उरकता येते.

साल का काढायचे, असा प्रश्न नव्या स्वयंपाक्याला पडतोच. वालाचे साल जाड व चिवट असते, शिजूनही ते मऊ होत नाही आणि कडवटपणाचा मोठा भाग त्यातच असतो. मटकी-मुगाचे तसे नाही.

शिजवणे

एक मोठा कांदा बारीक चिरावा. पाच-सहा लसूण पाकळ्या, बोटाच्या पेराएवढे आले, दोन-तीन हिरव्या मिरच्या, एक चमचा जिरे आणि मूठभर कोथिंबीर यांचे वाटण करावे. अर्ध्या नारळाचे दूध काढून पहिले जाड दूध आणि दुसरे पातळ दूध वेगळे ठेवावे. चार-पाच आमसुले आणि सुपारीएवढा गूळ लागतो.

पसरट तळाच्या पातेल्यात तीन मोठे चमचे तेल तापवून हिंग व हळद घालावी, त्यावर कांदा गुलाबी परतावा, वाटण घालून कच्चा वास जाईपर्यंत परतावे, मग एक चमचा लाल तिखट. त्यावर निथळलेल्या डाळिंब्या घालाव्यात. येथून पुढे पळी किंवा डाव पातेल्यात शक्यतो घालू नये. साल गेल्यामुळे दाण्याच्या दोन दळांना एकत्र धरणारे काहीच उरलेले नसते. ढवळले की दळे सुटतात आणि बिरड्याचे वरण होते. पातेले दोन्ही हातांनी धरून आसडावे. डाळिंब्या बुडतील इतके पातळ नारळाचे दूध व कढत पाणी घालावे, वर झाकण ठेवून झाकणात पाणी घालावे आणि मंद आचेवर शिजू द्यावे. कमी पडल्यास झाकणातलेच गरम पाणी आत ओततात. गार पाणी घातले तर उकळी मोडते. पंधरा ते वीस मिनिटांनी एक दाणा बोटांत दाबून पाहावा. तो पिठासारखा दबला पाहिजे, पण पातेल्यात अखंड दिसला पाहिजे. मग मीठ, गूळ आणि आमसुले घालून पाच मिनिटे, शेवटी जाड दूध घालून नुसती वाफ. जाड दूध खळखळ उकळले तर फुटते.

प्रेशर कुकर या पदार्थाला चालत नाही. एका शिटीतच डाळिंब्यांचा लगदा होतो.

वाल न शिजण्याची कारणे

वीस मिनिटांत शिजणारा वाल कधीकधी तासभर टणक राहतो आणि दोष वाणाला दिला जातो. बहुतेक वेळा कारण वेगळे असते. दाण्यातील पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या द्रव्याने चिकटलेल्या असतात. शिजताना ते विरघळते, म्हणून दाणा मऊ होतो. आंबट द्रव्यात पेक्टिन विरघळत नाही. आमसूल, टोमॅटो किंवा चिंच आधी पडली की दाणा तेवढ्यावरच थांबतो आणि पुढे कितीही उकळले तरी फरक पडत नाही. गुळातील साखर आणि कॅल्शियमही तेच करतात. आमसूल आणि गूळ शेवटी घालण्याचा जुना नियम त्यामुळे चवीचा नसून शिजण्याचा आहे. मिठाबद्दल मात्र घरोघरी सांगितला जाणारा धाक अवाजवी आहे. मिठाने कडधान्य टणक होत नाही, उलट मिठाच्या पाण्यात भिजवलेले सालासकट कडधान्य लवकर मऊ होते. मीठ मागाहून घालण्याचे खरे कारण एवढेच की रस आटून तो खारट होऊ नये.

पाणी जड असेल तर त्यातील कॅल्शियम पेक्टिनला घट्ट करते. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा अशा तलावांचे, मूळ पावसाचे पाणी मिळते; विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या पाण्यावर शिजवणाऱ्यांना तोच वाल अधिक वेळ घेताना आढळतो. तिसरे कारण दाण्याचे वय. उष्ण व दमट हवेत वर्षावर्षाने साठलेला वाल आतून टणकत जातो, त्याला मोडही विरळ येतात. मार्च-एप्रिलमध्ये आलेला नवा वाल त्याच पावसाळ्यात वापरणे उत्तम. खाण्याचा सोडा घातल्यास दाणा झपाट्याने मऊ होतो, पण ब१ जीवनसत्त्व नष्ट होते, चव साबणासारखी होते आणि सोललेला दाणा तर विरूनच जातो.

कच्चा वाल

मोड आलेले मूग किंवा मटकी कच्ची खाण्याची सवय असलेल्यांनी वालाच्या बाबतीत ती टाळावी. सुक्या वालात पचनात अडथळा आणणारी ट्रिप्सिनरोधक द्रव्ये असतात, आणि सायनाइड मुक्त करू शकणारी ग्लुकोसाइडेही असतात; गडद सालीच्या वाणांत त्यांचे प्रमाण अधिक असते. भिजवणे, भिजवलेले पाणी फेकणे, मोड आणणे, साल काढणे आणि पूर्ण शिजवणे या सर्वांनी मिळून हा धोका दूर होतो. भिजवलेल्या पाण्यात 'सत्त्व असते' म्हणून ते कालवणात घालणे चुकीचे आहे. मोड आल्याने पोटात वायू धरणाऱ्या रॅफिनोज, स्टॅकिओज या शर्करा घटतात आणि क जीवनसत्त्व वाढते, त्यातील काही भाग शिजताना जातो.

हाच विचार राजम्याला अधिक कडकपणे लागू आहे. लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन हे विष असते. चार-पाच अर्धकच्चे दाणेही उलट्या-जुलाबास पुरे होतात. राजमा किमान पाच तास भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात निदान दहा मिनिटे खळखळ उकळावाच लागतो. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात, जे परदेशातील मराठी घरांत सर्रास वापरले जाते, तापमान पुरेसे चढत नाही आणि विष कमी होण्याऐवजी वाढू शकते. आधी उकळी, मग मंद आच, हा क्रम तेथे सोडू नये.

मेक्सिकोतील समांतर पदार्थ

घेवड्याच्या जातीच्या सुक्या दाण्यांपासून मेक्सिकोत केला जाणारा फ्रिहोलेस रेफ्रितोस, इंग्रजी प्रचारातील रिफ्राइड बीन्स, हा बिरड्याशी तुलना करण्याजोगा घरगुती पदार्थ आहे. 'पुन्हा तळलेले' असा त्याचा अर्थ सांगितला जातो तो इंग्रजी नावावरून. मेक्सिकोच्या स्पॅनिशमध्ये 'रे' हा उपसर्ग 'खूप, चांगले' या अर्थाने येतो; दाणे तळले जातात ते एकदाच. पिंटो किंवा काळे दाणे कांद्यासह शिजवून, चरबीत परतलेल्या कांद्यावर घालून, शिजवलेल्याच पाण्याचे हबके मारत घोटले जातात. मुंबईत पिंटोच्या जागी बाजारात चित्रा या नावाने मिळणारा ठिपकेदार राजमा आणि चरबीऐवजी तेल किंवा तूप चालते. रात्रभर भिजवून, वरीलप्रमाणे खळखळ उकळून मग दीड-दोन तास मंद आचेवर किंवा कुकरमध्ये तो इतका मऊ करावा की जिभेने दाबला जाईल. लिंबू आणि टोमॅटो तेथेही शेवटीच.

दोन्ही रीतींत भिजवणे आणि शिजवणे यांचे नियम एकच आहेत. अंतर पडते ते नंतर. मेक्सिकोची गृहिणी दाणा मोडतो म्हणून त्याला मऊ करते आणि साल आतच घोटून टाकते. बिरडे करणारी तास घालवून साल काढते आणि मग दाणा मोडू नये म्हणून पळीसुद्धा लावत नाही. उरलेले बिरडे मात्र दुसऱ्या दिवशी आटून दाट होते, आणि ते लोखंडी तव्यावर परतून भाकरीबरोबर खाल्ले जाते तेव्हा या दोन पदार्थांत फारसे अंतर उरत नाही.